कॅथोडवरचा लेप: गुण आधी आला, कारण मागाहून सापडले

1980 साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड (बॅटरीतला धन अग्र) पुढे आणला आणि 1991 मध्ये सोनीने त्यावर चालणारी बॅटरी बाजारात उतरवली. या पदार्थातले सगळे लिथियम वापरता आले, तर एका ग्रॅममागे 274 मिलिॲम्पिअर-तास (साठवलेल्या विजेचे माप) मिळायला हवेत. प्रत्यक्षात चार्जिंग 4.2 व्होल्टला थांबवावे लागे आणि हाती पडत जेमतेम 140. त्यापुढे रेटले की कोबाल्ट विरघळू लागे, क्षमता झपाट्याने घसरे. मँगनीजच्या कॅथोडचेही उष्णतेत तेच रडगाणे होते. त्यावर 1997 मध्ये बोरॉनयुक्त काचेचा लेप देऊन पाहिला गेला.

खरी खळबळ उडाली ती दक्षिण कोरियातल्या चो आणि पार्क या संशोधकांच्या कामाने. 2000 मध्ये त्यांनी कोबाल्टच्या कॅथोडला ॲल्युमिनाचा (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा), पुढच्या वर्षी झिर्कोनियाचा (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा) लेप लावला आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकली. चार्ज होताना कॅथोडचा स्फटिक फुगतो, पण कठीण कवच त्याला फुगूच देत नाही, असे कारण त्यांनी दिले. कॅनडात जेफ डान यांच्या गटाने चार्जिंग चालू असतानाच क्ष-किरणांनी तपासले, तर लेप असूनही स्फटिक तितकाच फुगत होता! पुढे 2004 मध्ये त्यांनी लेप न लावता, पूड नीट तापवून पृष्ठभाग स्वच्छ केला, तरीही टिकाऊपणा वाढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत मोलाचा प्रयोग, कारण त्यानंतर स्फटिकाच्या आतल्या ताणापेक्षा त्याच्या पृष्ठभागाकडे लक्ष वळले.

पृष्ठभागावर घडते ते असे: इलेक्ट्रोलाइटमधल्या (बॅटरीतल्या द्रावणातल्या) लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट या क्षाराला पाण्याचा अंश जरी लागला, तरी हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते. ते ऑक्साइड खाते, त्यातून पुन्हा पाणी सुटते, पुन्हा आम्ल बनते. ॲल्युमिना हा मारा आधी स्वतःवर घेतो आणि हळूहळू ॲल्युमिनियम फ्लुओराइड होतो. ते या आम्लाला दाद देत नाही. म्हणूनच कोरियातल्याच सन यांच्या गटाने पुढे थेट फ्लुओराइडचाच लेप वापरला.

मग प्रश्न लेपाच्या जाडीचा. 2010 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅथोडच्या पुडीवर आधी ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमची वाफ सोडली, मग पाण्याची. अशा एका फेरीत जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर बसतो. दोनच फेऱ्या दिलेल्या पुडीने 4.5 व्होल्टपर्यंतच्या चार्ज-डिस्चार्जच्या 120 आवर्तनांनंतर 89 टक्के क्षमता राखली. लेप नसलेल्या पुडीकडे उरली 45 टक्के. फेऱ्या वाढवल्या, की लिथियमचीच वाट अडते.