‘वारस लावला’ म्हणजे नेमके काय केले?

मृत्युपत्राचा विषय घरात निघाला की घरातले वडीलधारे हमखास म्हणतात, ‘सगळीकडे वारस लावून ठेवलाय.’ त्यांच्या लेखी विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्षात बँकेच्या, विम्याच्या किंवा सोसायटीच्या फॉर्मवर लागतो तो वारस नव्हे, नॉमिनी, म्हणजे आपल्या मागे पैसे स्वीकारण्यासाठी नोंदवलेला माणूस. (सातबाऱ्यावरची ‘वारस नोंद’ ही तिसरीच गोष्ट. तो महसुली फेरफार असतो आणि त्यानेही मालकी ठरत नाही.)

इच्छापत्राने संपत्ती देण्याची रीत आपल्याकडे कायद्यात पक्की झाली ती १८७० नंतर. एकत्र कुटुंबातला स्वतःचा अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मिळाली. नॉमिनेशनचा उगम वेगळा आहे. १९३८ च्या विमा कायद्यातल्या कलम ३९ चा हेतू कंपनीची सुटका हा होता : नोंदलेल्या माणसाला पैसे दिले की कंपनी मोकळी, पुढचे वारसांनी पाहावे. डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. नॉमिनी पैसे स्वीकारतो, पण त्यांवर हक्क वारसांचाच.

गोंधळ वाढला शेअर्समुळे. कंपनी कायद्यात १९९९ मध्ये नॉमिनेशनचे कलम १०९-अ आले. इतर कायद्यात किंवा मृत्युपत्रात काहीही असले तरी शेअर्स नॉमिनीकडे ‘निहित’ होतील, म्हणजे त्याच्याकडे जातील, अशी त्याची भाषा होती. या एका शब्दावर २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने निकाल दिला की शेअर्सच्या बाबतीत नॉमिनीच मालक. दावा मृताच्या पत्नीचा होता, नॉमिनी दुसराच होता, आणि तो दावा टिकला नाही. पुढची काही वर्षे ‘मृत्युपत्र कशाला, नॉमिनेशन पुरते’ हा सल्ला सर्रास दिला गेला. आमच्या मते घराघरांतल्या आजच्या गैरसमजाचे मूळ या सल्ल्यात जास्त आहे, निकालात कमी. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी तो निकाल चुकीचा ठरवला, २०१६ मध्ये खंडपीठाने त्यावर शिक्का मारला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाद संपवला : नव्या कंपनी कायद्यातले नॉमिनेशनचे कलम ७२ हा, मृत्युपत्र आणि वारसा कायदा यांखेरीज, वारशाचा तिसरा मार्ग नाही. म्हणजे तेरा वर्षे एकाच डिमॅट खात्याबद्दल दोन प्रामाणिक वकील दोन विरुद्ध सल्ले देऊ शकत होते. त्या काळात भरलेले फॉर्म अजून तसेच पडून आहेत.

विम्यात मात्र उलटे झाले. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना रकमेचे ‘लाभार्थी’ म्हटले. त्याचा अर्थ कुठवर ताणायचा यावर अजून दावे होतात. सोसायटीतल्या फ्लॅटबाबत २०१९ पासून महाराष्ट्रात नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार नॉमिनी, तेही टक्केवारीने, लावता येतात. लॉकरला मात्र एकामागून एक अशाच क्रमाने. सोय चांगली आहे, पण ४०-३०-२०-१० अशी टक्केवारी दिसली की फॉर्म मृत्युपत्रासारखा वाटू लागतो, आणि तो मृत्युपत्र नाही.

म्हणून घरच्यांशी बोलताना चार रकाने आखलेला एक कागद पुढ्यात असावा : मालमत्ता, नावावर कोणाच्या, नॉमिनी कोण, मृत्युपत्रात कोणाला. तिसरा आणि चौथा रकाना जिथे जुळत नाही तिथे कारण त्याच बैठकीत सांगावे. ‘ठेवीवर धाकट्याचे नाव आहे कारण तो जवळ राहतो, रक्कम तिघांची’ हे वाक्य मागे राहिलेल्या मुलांनी एकमेकांना सांगून उपयोग नसतो. ते आईवडिलांच्या तोंडून आलेले असावे लागते. मृत्युपत्र नसेल तर काय होईल याचा हिशेबही तिथेच करावा. हिंदू पुरुषामागे पत्नी, दोन मुले आणि आई असेल तर प्रत्येकाला पाव हिस्सा. आईचा हा हिस्सा बहुतेकांच्या गणतीत नसतो, आणि वडील या पहिल्या वर्गातल्या, म्हणजे आधी हिस्सा मिळणाऱ्या, वारसांत येतच नाहीत.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र सक्तीचे. पुढे वाद झाला तर त्यांतला किमान एक न्यायालयात उभा राहावा लागतो, म्हणून समवयस्क मित्रांऐवजी वयाने लहान माणसे निवडावीत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मूळ प्रत कुठे आहे हे किमान दोघांना माहीत हवे. फक्त स्वतःच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ती ठेवणे म्हणजे लॉकर उघडण्यासाठी लागणारा कागद लॉकरमध्येच अडकवणे.

भविष्य निर्वाह निधीचा फॉर्म सगळ्यात आधी काढावा. कुटुंब नसताना भावाचे किंवा मित्राचे नाव दिले असेल, तर लग्नानंतर ते नॉमिनेशन आपोआप रद्द ठरते आणि नवे भरले नसल्याचे दाव्याच्या वेळीच कळते.