‘आधी दारू सुटू दे, मग बाकीचं बघू’ हे का चुकतं?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. अशा पुरातून जीव वाचलेल्या एखाद्याला पुढे कित्येक वर्षं पत्र्यावर पाऊस वाजला की धडधडतं, रात्री तेच पाणी दिसतं. क्वार्टर पोटात गेली की शांत वाटतं. हा पीटीएसडी, म्हणजे जीवघेण्या प्रसंगानंतर मनात राहिलेला आघाताचा आजार, आणि त्याला चिकटलेलं व्यसन. घरचे म्हणतात, आधी दारू सुटू दे. पण भीती तशीच राहिली तर सुटलेली दारू पहिल्या पावसात परत येते.

मेंदूतली भीती पुसली जात नाही. ‘पाऊस आला, तरी काही झालं नाही’ अशी नवी आठवण तिच्यावर बसते आणि जुनीला दाबून धरते. त्यासाठी भीती चढलेली असताना माणसाने तिथेच थांबावं लागतं, ती आपली आपण ओसरताना अनुभवावी लागते. दारू नेमकं हेच होऊ देत नाही. सुटकेचं श्रेय बाटलीला जातं, मेंदू काहीच शिकत नाही. वर पहाटे नशा उतरताना दबलेलं, शरीराला धोक्याचा इशारा देणारं रसायन नॉरअ‍ॅड्रिनलिन उसळतं: घाम, धडधड, दचकून जाग. म्हणजे पुन्हा तीच लक्षणं.

म्हणून ‘कोप’ या पद्धतीत दोन्हींवर एकत्र उपचार होतात: 90 मिनिटांची 12 सत्रं. प्रशिक्षित थेरपिस्टसोबत भीतीला 0 ते 100 गुण देऊन पायऱ्या ठरतात. आधी पुराचे फोटो, मग कोरड्या दिवशी नदीचा घाट, शेवटी पावसात पूल. प्रत्येक पायरीवर 30 ते 45 मिनिटं, किंवा गुण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. 80 वर असताना पळ काढला तर भीती आणखी पक्की होते. झोपेची गोळी घेऊन गेलं तरी शिकणं अडतं. जुन्या आठवणी उकरल्या की पिणं वाढेल, ही शंका 2013 च्या 165 रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात खरी ठरली नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र घरी एकदम बंद करू नये. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, 2 ते 4 दिवसांत भ्रम होऊ शकतो. या काळात दवाखान्यातच राहावं. तिथे ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी1 जीवनसत्त्व) देतात. तो भ्रम म्हणजे बाहेरची बाधा नव्हे. देवऋषीकडे घालवलेली रात्र जिवावर बेतू शकते. ‘रुग्णाच्या नकळत’ जेवणात कालवायच्या पुड्याही नकोत. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वर दारू पडली, तर रक्तदाब कोसळतो.

कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करावा. फोनवर दारू आणि पूर दोन्ही सांगावेत.