मांसातील भेसळ आणि डीएनए चाचणी: पार्श्वभूमी

शिजवून मसाला लावलेला खिमा कोणत्या जनावराचा आहे, हे ना डोळ्यांना कळते ना जिभेला, आणि भेसळ करणाऱ्याची सारी भिस्त त्यावरच असते. जर्मन शास्त्रज्ञ पाउल उलेनहुट यांनी १९०१ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त ओळखणारी प्रतिपिंडांची चाचणी मांडली आणि पुढे सॉसेजमधील घोड्याचे मांस ओळखण्यासाठीही तिचा उपयोग होऊ लागला. मात्र ती प्रथिनांवर बेतलेली होती आणि प्रथिने उष्णतेने आपले रूप बदलतात, त्यामुळे शिजवलेल्या मांसापुढे ती लंगडी पडे.

डीएनए त्या मानाने चिवट. शिजवल्यावर त्याचे तुकडे पडतात खरे, पण कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने एखाद्या छोट्या तुकड्याच्याही असंख्य प्रती काढता येतात. त्यातही मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, डीएनए विशेष सोयीचा, कारण एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात.

या चाचणीचा खरा बोलबाला झाला तो आयर्लंडमुळे. तेथील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १५ जानेवारी २०१३ रोजी जाहीर केले की, गोमांसाचे म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ बर्गरपैकी १० मध्ये घोड्याचा आणि २३ मध्ये डुकराचा डीएनए सापडला आहे. टेस्को या ब्रिटिश सुपरमार्केट साखळीच्या एका स्वस्त बर्गरमध्ये गोमांसाच्या तुलनेत घोड्याचे प्रमाण २९ टक्के निघाले. उरलेल्या नऊंमध्ये ते नाममात्र होते. महिन्याभरात हे प्रकरण तयार लझान्या या इटालियन पदार्थापर्यंत पोचले आणि मांसाच्या दलालांची देशोदेशी पसरलेली साखळी उघडी पडली. त्यातील एका डच व्यापाऱ्याच्या कंपनीचे नाव ‘ड्राप’ होते, म्हणजे ‘घोडा’ या अर्थाच्या डच शब्दाची अक्षरे उलट्या क्रमाने लिहिलेली!

त्या नाममात्र नऊंनी मात्र तज्ज्ञांना पेचात टाकले. चाचणी इतकी तीक्ष्ण, की खिम्याचे यंत्र नीट धुतले नाही तरी तिला डुकराचा माग लागतो. म्हणून युरोपात एक टक्क्याची मर्यादा धरून त्यावरचे प्रमाण तेवढे भेसळ मानण्याचा व्यवहार रूढ झाला. शिवाय मायटोकॉन्ड्रियाची संख्या प्रत्येक अवयवात वेगळी असल्याने त्यावरून मांसाचे नेमके वजन काढणे अवघडच राहते.

महाराष्ट्रात प्रश्न निराळा आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, म्हशीच्या नाही. त्यामुळे जप्त केलेल्या मांसाबाबत टक्केवारी गौण ठरते. गोवंशाचे की म्हशीचे, एवढेच ठरवायचे असते आणि तेवढ्याला मायटोकॉन्ड्रियाची साक्ष पुरते.