मेथीच्या मोडांचा माग

मेथीचे दाणे रात्रभर भिजत घालावेत, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी पुरचुंडी सोडावी, तर प्रत्येक दाण्याच्या टोकातून पांढराशुभ्र मोड बाहेर आलेला दिसतो. मोड फुटण्यासाठी दाण्याला ओल आणि ऊब लागते, आणि भिजताना फुटलेल्या टरफलातून थोडे अन्नरसही बाहेर झिरपतात. नेमक्या याच तीन गोष्टी जिवाणूंनाही हव्या असतात. 2011 साली जर्मनीत जी साथ आली, तिच्या मुळाशी हीच साधी गोष्ट होती. परंतु ती उमगेपर्यंत पन्नासहून अधिक माणसे दगावली, किंवा दगावण्याच्या मार्गावर होती.

त्या वर्षी 19 मे रोजी हँबर्ग शहरातून रॉबर्ट कॉख संस्थेला, म्हणजे जर्मनीच्या राष्ट्रीय साथरोग संस्थेला, कळवण्यात आले की तीन मुलांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली आहेत. दुसऱ्याच दिवशी संस्थेचे पथक हँबर्गला पोहोचले. आजार ओळखीचा होता. ई. कोलाय या जिवाणूचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे राहतात, पण काही प्रकार शिगा नावाचे विष तयार करतात. हे विष रक्तात उतरले की सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, त्यामुळे तांबड्या पेशी फुटू लागतात, रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिका कमी होतात आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्यांतला रक्तप्रवाह अडतो. एरवी या गुंतागुंतीला बळी पडतात ती पाच वर्षांखालील मुले. या वेळी मात्र रुग्णालयात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रौढ होते आणि त्यांतही स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटीच्या आसपास होती. साथीच्या अभ्यासकांच्या दृष्टीने हा पहिला धागा होता: मांस किंवा कच्चे दूध यांपेक्षा प्रौढ स्त्रिया अधिक खातात अशा कच्च्या भाजीकडे, सॅलडकडे संशयाची सुई वळत होती.

साथीचा शोध घेण्याची नेहमीची रीत अशी की आजारी माणसांना आणि त्यांच्याच वयाच्या, त्याच भागातल्या निरोगी माणसांना एकच प्रश्नावली द्यायची, आणि कोणता पदार्थ आजाऱ्यांनी अधिक प्रमाणात खाल्ला होता ते पाहायचे. हँबर्गमध्येही तसेच केले गेले आणि टोमॅटो, काकडी व पालेभाज्यांचे सॅलड पुढे आले. 25 मे रोजी उत्तर जर्मनीतल्या लोकांना या तीन गोष्टी कच्च्या खाऊ नका, असा सल्ला देण्यात आला. पुढच्याच दिवशी हँबर्गच्या आरोग्य खात्याने बाजारातल्या स्पॅनिश काकड्यांवर शिगा विष तयार करणारे जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. काकड्यांवर जिवाणू होते हे खरे, पण ते साथीचे जिवाणू नव्हते. पुढील तपासणीत त्यांचा प्रकार वेगळा निघाला. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल शेतातच सडू लागला होता, रशियाने प्रथम जर्मनी व स्पेन या दोन देशांच्या आणि मग सबंध युरोपीय संघाच्या भाज्यांना दारे बंद केली, आणि शेवटी संघाला शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी वीस कोटी युरोंहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. माणसे मरत असताना पुरेशा पुराव्याची वाट न पाहता सावधगिरीचा सल्ला देणे योग्यच होते, असे मी मानतो. पण असा सल्ला देणे वेगळे आणि अर्धवट तपासणीवरून एका देशाच्या मालाकडे बोट दाखवणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीची किंमत त्या साथीशी काहीही संबंध नसलेल्या शेतकऱ्यांनी मोजली.

खरा दोषी प्रश्नावलीतून निसटला, कारण तो कोणाच्या लक्षातच राहिला नव्हता. या जिवाणूचा प्रादुर्भाव झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण आठ दिवस जात होते. आठ दिवसांपूर्वीच्या जेवणात काकडी होती का, हे माणूस सांगू शकतो. पण सॅलडवर कोणीतरी भुरभुरलेले चिमूटभर मोड त्याला कसे आठवावेत? नंतरच्या एका तुलनात्मक अभ्यासात आजाऱ्यांपैकी 88 टक्के लोकांनी काकडी खाल्ल्याचे सांगितले, मोड खाल्ल्याचे मात्र केवळ 25 टक्क्यांनी. कोशिंबिरीवरची कोथिंबीर आपण जितकी ध्यानात ठेवतो, तितकेच हे मोडही लोकांच्या ध्यानात होते.

कोडे सुटले ते ल्यूबेक शहरातल्या एका उपाहारगृहात. तिथे जेवून गेलेल्या अनेक गटांतली माणसे आजारी पडली होती. संशोधकांनी या वेळी स्मरणशक्तीवर विसंबणे सोडून दिले. त्यांनी मागणीच्या याद्या आणि बिले जमवली, गटांनी टेबलावर काढलेली छायाचित्रे पाहिली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला विचारले की यातल्या प्रत्येक ताटलीत नेमके काय काय पडते आणि कशावर काय सजवले जाते. अशा रीतीने 10 गटांतल्या 152 जणांच्या पानात काय होते, याचा हिशोब त्यांच्या आठवणीऐवजी पाककृतीवरून मांडला गेला. त्यांतले 31 जण आजारी पडले होते, आणि त्या एकूण एक 31 जणांच्या ताटलीत मोड होते. मोड वाढलेल्यांना आजार होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे चौदा पट होता. मला या साथीच्या हकिगतीतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो: जे रुग्णाला सांगता आले नाही, ते आचाऱ्याने सांगितले.

त्याच सुमारास तपासाची दुसरी बाजूही त्याच ठिकाणी येऊन मिळत होती. युरोपीय संघाच्या नियमानुसार प्रत्येक अन्नव्यावसायिकाला माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, याची नोंद ठेवावी लागते. एकाच ठिकाणी जेवून अनेक जण आजारी पडल्याच्या ज्या 41 घटनांमधली खरेदी-विक्रीची साखळी कळू शकली, त्या सर्व घटनांच्या पावत्या लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीनेनब्युटेल गावाजवळच्या एकाच मोड-उत्पादकापर्यंत जाऊन पोहोचल्या. 10 जून रोजी काकडी-टोमॅटोवरचा इशारा मागे घेतला गेला आणि मोड कच्चे खाऊ नयेत असे सांगण्यात आले.

पण त्या उत्पादकाकडे मोड काही एकाच धान्याचे नव्हते. त्यांतले कोणते बी दूषित, हे समजले ते फ्रान्समधून. बोर्दोजवळच्या बेग्ल गावी मुलांच्या एका केंद्राने 8 जून रोजी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला होता आणि तिथल्या खाण्यावर केंद्रातच रुजवलेले मोहरी, रॉकेट (सॅलडमध्ये वापरली जाणारी एक पालेभाजी) व मेथी यांचे मोड सजावटीसाठी घातले होते. काही दिवसांत तिथेही तोच आजार दिसला. फ्रान्समधल्या या मोडांचा जर्मन उत्पादकाशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडे सामाईक होती ती मेथी. दोन्ही मेथींच्या कागदपत्रांचा माग काढत अन्नसुरक्षा अधिकारी इजिप्तहून आलेल्या 15,000 किलोंच्या एका खेपेपर्यंत पोहोचले. ती खेप 2009 च्या अखेरीस इजिप्तच्या दमिएत्ता बंदरातून निघाली होती. म्हणजे जिवाणू कोरड्या दाण्यावर दीड वर्षाच्या आसपास तग धरून बसले असले पाहिजेत.

बी शेतात, मळणीत किंवा साठवणीत जनावरांच्या वा माणसांच्या विष्ठेच्या संपर्कात आले, की मोजके जिवाणू टरफलाच्या भेगांत जाऊन बसतात. कोरड्या अवस्थेत त्यांची वाढ होत नाही, पण ते मरतही नाहीत. भिजवल्यावर अनुकूल परिस्थितीत दर अर्ध्या तासाला ते दुप्पट झाले, असे धरले तर दहा तासांत एकाचे दहा लाख होतात, आणि मोड काढायला तर दोन-तीन दिवस लागतात. भेगांत शिरलेले आणि मोडाला घट्ट चिकटलेले जिवाणू पाण्याने धुऊन जात नाहीत. जपानमधल्या साकाई शहरात 1996 साली शाळेच्या जेवणातून हजारो मुले आजारी पडली होती, तेव्हाही संशय पांढऱ्या मुळ्याच्या मोडांवरच होता.

आपल्याकडे मटकीची वा मुगाची उसळ शिजवून खाल्ली जाते, आणि चांगली वाफ आली की हे जिवाणू टिकत नाहीत. काळजी वाटते ती न शिजवलेल्या मोडांची: मधुमेहासाठी सकाळी अनशापोटी मूठभर मोड आलेली मेथी चावून खाण्याची, किंवा भेळेवर कच्चेच मोड घालण्याची जी सवय पौष्टिक म्हणून रुजली आहे, तिची. लहान मुले, गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना तरी मोड वाफवूनच द्यावेत. वाफवल्याने थोडे जीवनसत्त्व कमी होईल, पण निकामी झालेल्या मूत्रपिंडाची भरपाई कोणत्याही जीवनसत्त्वाने होत नाही.

त्या साथीत जर्मनीत सुमारे 3,800 लोक आजारी पडले आणि आठशेहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. संघाने इजिप्तच्या काही बियांची आयात थांबवली, आणि 2013 साली मोड व त्यांसाठीचे बी यांची खेपनिहाय नोंद ठेवणे बंधनकारक करणारे नियम आले. जर्मनीतही जिल्ह्याच्या कार्यालयाकडून राष्ट्रीय संस्थेपर्यंत रुग्णाची माहिती पोहोचायला जो वेळ लागत होता, तो कमी करण्यासाठी कायदा बदलण्यात आला. मेथीच्या त्या खेपेतले दाणे प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा मात्र साथीचा जिवाणू त्यांच्यात सापडला नाही. काही टनांच्या राशीत मोजकेच दाणे दूषित असतील तर नमुन्यात ते येण्याची शक्यता मुळातच फार थोडी असते. दोष सिद्ध झाला तो बिलांवरून, पावत्यांवरून आणि एका आचाऱ्याच्या आठवणीवरून.