अमेरिकेत हायस्कूल फुटबॉलचे पंच व्हायचे आहे? नोंदणी, कागदपत्रे आणि परीक्षेतले दोन अवघड नियम

शुक्रवारी संध्याकाळच्या हायस्कूल फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) अमेरिकेत गेली काही वर्षे पंच कमी पडत आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी या कामाचा जरूर विचार करावा. खेळ लहानपणी खेळलेला नसला तरी चालतो, नियम मात्र मनापासून शिकावे लागतात.

अर्ज आपापल्या राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडे करायचा. वयाची अट राज्यागणिक बदलते. नियमपुस्तक जवळपास सगळीकडे राष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे एनएफएचएसचे. टेक्सासमध्ये मात्र महाविद्यालयीन, म्हणजे एनसीएएचे नियम चालतात. पुस्तक घेण्याआधी एवढे तपासा.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न व्हिसाचा. पंचांना मानधन मिळते आणि ते बहुधा स्वतंत्र व्यावसायिक मानले जातात. एच-१बी व्हिसावर प्रायोजक कंपनीबाहेरचे असे पैशांचे काम करता येत नाही. एच-४ असेल तर वर्क परमिट हवे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असल्यास ही अडचण नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा, मग फी भरा.

साधारणपणे ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, करासाठी डब्ल्यू-९ फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणीची संमती लागते. अनेक राज्ये डोक्याच्या दुखापतीवरच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही मागतात. मग स्थानिक पंच मंडळात नाव घालायचे आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, शिट्टी, फाउल दाखवायचा पिवळा फ्लॅग आणि जागा खुणावायची छोटी बीन बॅग घ्यायची.

नवे लोक अडतात ते नियमांच्या परीक्षेत. 'बॅटिंग' म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. इथे त्याचा अर्थ हाताने मुद्दाम चेंडूला फटका मारणे. हायस्कूल नियमांत हवेतला पास किंवा हवेतला फंबल (खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू) असा मारता येतो (मात्र मागे टाकलेला पास त्याच संघाने पुढे मारायचा नाही). फंबल झालेला चेंडू एकदा जमिनीला लागला की तो मारणे फाउल, दंड १० यार्ड. किकचे अपवाद वेगळे आहेत, ते पुस्तकातूनच वाचा.

हा नियम किती महागात पडतो ते ५ ऑक्टोबर २०१५ ला एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, सिअॅटल-डेट्रॉइट सामन्यात दिसले. सामना संपत आला होता. डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनच्या हातून गोल लाइनच्या तोंडाशी चेंडू सुटला आणि एंड झोनमध्ये (त्या रेषेपलीकडच्या, गुण मिळतात त्या पट्ट्यात) गेला. सिअॅटलच्या के. जे. राइटने तो हाताने मागच्या रेषेबाहेर ढकलला. फ्लॅग पडला नाही, टचबॅक (म्हणजे चेंडू सिअॅटलला) दिला गेला आणि सिअॅटल १३-१० ने जिंकले. तो बेकायदा फटका होता, चेंडू डेट्रॉइटकडेच राहायला हवा होता, हे लीगने नंतर मान्य केले. एनएफएलचे नियम वेगळे असले तरी हायस्कूलमध्येही तो फाउलच ठरला असता.

आता घड्याळ. डाउन म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी एक. समजा तिसऱ्या डाउनला बचावपटूने, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात त्या लाइनवरच, पुढे टाकलेला पास हाताने अडवला. चेंडू जमिनीवर पडला तर पास अपूर्ण. घड्याळ थांबते आणि पुढच्या स्नॅपलाच (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होतो तेव्हाच) सुरू होते. तोच चेंडू आक्रमक संघाच्या सेंटरने (स्नॅप देणारा खेळाडू, एरवी त्याला असा पास झेलता येत नाही) झेलला तर? बचावपटूचा हात लागल्यावर सगळेच झेलायला पात्र, त्यामुळे खेळ चालू. तो मैदानातच पाडला गेला आणि फर्स्ट डाउन (दहा यार्ड पूर्ण झाल्यावर मिळणारी नवी संधी) मिळाला नाही, तर घड्याळ थांबतच नाही. मिळाला तर थांबते आणि रेफरीच्या 'रेडी'च्या खुणेवर पुन्हा सुरू होते. पास मागे टाकलेला असेल तर तो जमिनीवर पडूनही जिवंत, घड्याळ चालूच.

दंडासाठी घड्याळ थांबवले असेल तर आधी पाहा, डाउन कसा संपला? मैदानातच संपला असेल तर सहसा रेडीवर, बाहेर गेला किंवा पास अपूर्ण राहिला तर स्नॅपवर. हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांत, ज्या संघाविरुद्ध फाउल झाला त्याने दंड लावून घेतला, तर त्याला स्नॅपवर सुरू करण्याचा पर्यायही असतो. रेफरीने तो विचारायचा असतो.

उत्तर लिहिताना क्रम ठेवा: चेंडू कोणता (पास, फंबल की किक), जमिनीला लागला का, डाउन कसा संपला. परीक्षा पास झाल्यावर आधी कनिष्ठ गटाचे सामने मिळतात, आणि तिथे हाच क्रम शिट्टी तोंडात धरून दोन सेकंदांत लावायचा असतो.