गळती काढून देतो म्हणणाऱ्याला आधी काय विचारायचं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे बरेचसे फोन दुसऱ्यांदा करायच्या कामाचे असतात. बाथरूम एकदा फोडून झालेलं असतं, पैसे देऊन झालेले असतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताची ओल मात्र हटलेली नसते. आधीचा ठेकेदार फोन उचलत नाही. अशा घरातली माणसं आम्हाला पहिला प्रश्न विचारतात: "तुम्ही तरी नीट कराल ना?" या प्रश्नाला आम्ही तोंडी "हो" म्हटलं तर त्याला काडीचीही किंमत नाही, कारण "हो" तर आधीच्यानेही म्हटलं होतं. ठेकेदाराला कसं तपासायचं हे तुम्हाला माहीत असावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. यातली प्रत्येक गोष्ट आम्हालाही विचारा.

गळतीच्या कामात फसवणं सोपं जातं त्याचं मुख्य कारण पाऊस आहे. जून संपता संपता भिंत ओली दिसते, जुलैत रंगाचे पोपडे निघतात, खोलीत कुबट वास येतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खालच्यांची तक्रार येते. त्या घाईत जो पहिला येईल त्याला काम मिळतं. तो काहीतरी लावून जातो. ऑक्टोबरात ऊन पडलं की भिंत आपोआप वाळते आणि काम जमलं असं सगळ्यांना वाटतं. केलेल्या कामाची खरी परीक्षा पुढच्या जुलैत होते, तोवर शेवटचा रुपयाही त्याच्या खिशात गेलेला असतो. म्हणून आमचं सांगणं एवढंच: कारण आधी कागदावर घ्या, पैसे कामाच्या मागून द्या, आणि त्यातले काही पुढचा पाऊस होऊन जाईपर्यंत हातात ठेवा.

पाणी कुठलं ते आधी ओळखा

ओलीचा डाग बघून पाच मिनिटांत "सगळं बाथरूम फोडावं लागेल" किंवा "केमिकल मारू, दहा वर्षं बघायला नको" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. घरातली गळती बहुतेक वेळा तीनपैकी एका वाटेने येते: नळाला पाणी आणणारा पाइप, सांडपाणी नेणारा पाइप आणि जमीन, किंवा बाहेरची भिंत. यातली कोणती वाट, हे बऱ्याच अंशी तुम्ही स्वतः शोधू शकता.

खाली रात्री-अपरात्री, कोणी पाणी वापरत नसतानाही सारखं ठिबकत असेल तर भिंतीतल्या कन्सील्ड पाइपावर संशय घ्या. बाथरूमचा मेन कॉक बंद ठेवून बघा. मात्र एका रात्रीवर निकाल काढू नका. खोलगट म्हणजे सनकन स्लॅबच्या बाथरूममध्ये लादीखालच्या भरावात पाणी साठून राहतं, आणि कॉक बंद केल्यावरही ते दोन-तीन दिवस झिरपत राहतं. शक्य असेल तर सुटीला गावी जाताना कॉक बंद करून जा आणि खालच्यांना लक्ष ठेवायला सांगा.

अंघोळी झाल्यावरच ओल वाढत असेल तर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतलं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड कापड कोंबून बंद करा, जमिनीवर बोटभर पाणी साठवा आणि त्यात खाण्याचा लाल रंग मिसळा. चोवीस तास ते तसंच राहू द्या. खाली रंग उतरला तर लादीचे सांधे किंवा त्याखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. नाही उतरला तर दुसऱ्या रंगाचं पाणी थेट ट्रॅपमध्ये ओता. आता रंग दिसला तर दोष ट्रॅपच्या किंवा पाइपाच्या सांध्यात आहे, आणि तेवढ्यासाठी अख्खं बाथरूम फोडायची गरज नसते.

ओल फक्त पावसात येत असेल आणि थंडीत गायब होत असेल तर बाथरूमला हातच लावू देऊ नका. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, वाऱ्यासकट येतो. दक्षिणेकडच्या आणि पश्चिमेकडच्या भिंतींच्या भेगा, खिडकीची चौकट, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, यांतून पाणी आत येतं. घोडबंदर रोडवरच्या उंच टॉवर्समध्ये वरच्या मजल्यांना हा त्रास फार होतो. त्याचा इलाज बाहेरून, झुला (दोरांवर टांगलेली फळी) लावून करायचा असतो.

आणखी एक प्रकार आम्हाला वारंवार दिसतो. पाणी वरून येत असताना खालच्या छताला आतून डॅम्पप्रूफ रंग मारला जातो. डाग झाकला जातो, घरमालक खूश होतात. पण पाणी स्लॅबमध्येच अडकतं, सळया गंजून फुगतात आणि एक दिवस प्लास्टरचा पोपडा नव्हे, काँक्रीटचा तुकडा खाली येतो. सळई उघडी पडली असेल तर ती मागच्या बाजूपर्यंत मोकळी करून गंज घासून काढावा लागतो, गंजरोधक लेप द्यावा लागतो, बाँड कोट (जुन्या-नव्या थराला चिकटवणारा लेप) मारून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) भरावं लागतं. नुसतं सिमेंटचं प्लास्टर थापणाऱ्याने काम केलेलं नाही, गंज लपवलेला आहे.

हा खर्च तुमचा आहे का?

हे कोणी सांगत नाही, कारण सांगितलं तर काम हातचं जातं. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरचं छत खराब झालं तर तेही सोसायटीकडेच येतं. तुमच्या फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च तुमचा.

इमारत नवी असेल तर रेराच्या (घर खरेदीदारांच्या संरक्षणाच्या) कायद्याने बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरची असते. दोष कळवल्यावर तीस दिवसांत त्याने तो विनामोबदला दुरुस्त करायला हवा. पण एक काळजी घ्या. ताबा मिळाल्याबरोबर बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, भिंत सरकवली, तर पुढे गळती झाल्यावर बिल्डर तुमच्याच इंटिरिअरवाल्याकडे बोट दाखवतो.

स्लॅब, बीम, कॉलम

इथे चूक झाली तर नुकसान पैशांपुरतं राहत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला सिद्धी साई ही इमारत कोसळून १७ माणसं गेली. तिच्या तळमजल्यावर फेरबदलाचं काम चालू होतं. २० मे २०२५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, कल्याण पूर्वेला, सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लादीचं काम सुरू असताना स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब घेऊन तळापर्यंत गेला. सहा जणांचा जीव गेला, त्यात एक लहान मूल होतं. लादी बदलणं हे किरकोळ काम आहे असं समजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

"जुनी लादी काढायला नको, तिच्यावरच नवी बसवतो, वेळही वाचेल" असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्याचं वजन बघा. दोन इंच जाडीचा सिमेंट-वाळूचा माल एका चौरस मीटरला साधारण १०० किलो भरतो, वर टाइल्सचे वीसेक किलो. दीडशे चौरस फुटांचा हॉल म्हणजे सुमारे १४ चौरस मीटर. म्हणजे तुमच्या हॉलच्या स्लॅबवर दीड टनाहून जास्त कायमचा भार वाढला. राहत्या खोलीत माणसं, फर्निचर आणि सामान यांच्यासाठी आयएस ८७५ या मानकात चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भार धरलेला असतो. त्यातला अर्ध्याहून अधिक या एका थराने खाल्ला. वाशी, नेरुळ, कोपरी, वर्तकनगर अशा भागांतल्या जुन्या इमारतींत, जिथे स्लॅबच्या सळया आधीच गंजलेल्या असू शकतात, तिथे आम्ही हे काम घेत नाही. जुनी लादी काढूनच नवी बसवायची. काढतानाही मोठा ब्रेकर चालवायचा नाही, आणि वाळूच्या गोण्या, टाइल्सच्या पेट्या, डेब्रिज खोलीच्या मधोमध रचून ठेवायचं नाही.

एसीच्या पाइपासाठी बीममधून कोअर मारणं (गोल भोक पाडणं), स्वयंपाकघर मोठं दिसावं म्हणून कॉलमचा कोपरा तासणं, "ही भिंत आहे, काढली तरी काही होत नाही" असं नुसतं टकटक करून ठरवणं, हे करणारा मिस्त्री कितीही अनुभवी असो, त्याला थांबवा. काढायची भिंत भार घेते की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा आणि जागा बघून लेखी द्यायचं असतं. सोसायटीचं ना-हरकत पत्रही लागतं. तुमची इमारत तीस वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल सोसायटीकडून मागून घ्या. तिची वर्गवारी सी-२बी असेल, म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आवश्यक, तर आधी इमारतीची दुरुस्ती, मग तुमचं इंटिरिअर. सी-२ए असेल तर दुरुस्तीसाठी घरच रिकामं करावं लागतं, आणि सी-१ असेल तर ती इमारत पाडण्याच्या यादीतली आहे.

परवाना कोणाला लागतो

गवंड्याला परवाना लागत नाही. त्याच्याकडे कागद नाही म्हणून तो फसवा ठरत नाही. ठाण्यात अप्रतिम हात असलेले, चौथी शिकलेले गवंडी आहेत आणि त्यांच्या जिवावर आमच्यासारख्यांचा धंदा चालतो. विजेचं तसं नाही. वायरिंगच्या कामासाठी राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार हवा आणि त्याच्या माणसाकडे वायरमनचा परवाना हवा. परवाना बघायला मागा, त्याची मुदत वाचा. एसी किंवा गिझरची लाइन दिव्यांच्या बारीक वायरवर जोडून देणारे, आरसीसीबी (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) सारखा ट्रिप होतो म्हणून तो बायपास करणारे, जिवाशी खेळतात. महानगर गॅसची पाइपलाइन सरकवायची असेल तर प्लंबरला हात लावू देऊ नका. ते काम गॅस कंपनीकडूनच करून घ्यायचं.

कोटेशन आणि पैसे

"बाथरूम वॉटरप्रूफिंग, एकूण इतके हजार" एवढ्या एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. गळतीचं कारण काय आढळलं, काय फोडणार, कोणतं मटेरियल, कोणत्या कंपनीचं, किती थर, पाणी साठवून चाचणी किती तास, डेब्रिज कोण उचलणार, हे लिहिलेलं हवं. सगळ्यात जास्त भांडणं "एक्स्ट्रा" वरून होतात. पहिल्याच दिवशी कमोड काढून ठेवला की तुम्ही अडकलात, मग रोज नवं काहीतरी निघतं. म्हणून संभाव्य जादा कामांचे दर काम सुरू होण्याआधीच त्याच कागदावर लिहून घ्या. रंगकामात मोजमाप दोघांनी मिळून टेपने घ्यावं, दारं-खिडक्या वजा कराव्यात आणि दोघांनी सही करावी.

प्लायवूडवर आयएस ७१० चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा) शिक्का आहे म्हणून तो खराच असेल असं समजू नका. शिक्क्याशेजारचा सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून बघता येतो. रंगाचे डबे तुमच्यासमोर उघडायला सांगा.

"माल उचलायचाय, निम्मे द्या" ही मागणी मान्य करू नका. आम्ही १० ते १५ टक्के ॲडव्हान्स घेतो, पुढचे हप्ते टप्पा पूर्ण झाल्यावर, आणि गळतीच्या कामात १० टक्के पुढच्या पावसाळ्यानंतर. महागडं मटेरियल असेल तर दुकानदाराला तुम्हीच थेट पैसे द्या आणि बिल तुमच्या नावाचं घ्या.

"बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" हे वाक्य गोड वाटतं. बिल नसेल तर उद्या तक्रार करताना काम त्यानेच केलं हे दाखवायला हातात काही राहत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या ठेकेदाराला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. तो जीएसटी लावत नसेल तर ते रास्त आहे, सही केलेली पावती तेवढी घ्या. पण जो जीएसटी लावतो त्याचा पंधरा अक्षरी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो. तिथे दिसणारं नाव आणि तुम्ही ज्या खात्यात पैसे पाठवताय ते नाव जुळलं पाहिजे.

"दहा वर्षं गॅरंटी" कोण देतंय तेही वाचा. ठेकेदाराच्या लेटरहेडवरची गॅरंटी तो धंद्यात असेपर्यंतच असते. मटेरियल बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी वेगळी, ती तुमच्या नावाने आणि पत्त्यासह हवी.

फसवणूक झालीच तर

रागाच्या भरात लगेच दुसऱ्याकडून फोडून घेऊ नका, पुरावा जातो. आधी तारखेसह फोटो, व्हिडिओ काढा आणि एखाद्या इंजिनिअरकडून लेखी पाहणी अहवाल घ्या. मग ठेकेदाराला स्पीड पोस्टने पत्र पाठवा: काय दोष आहे, किती दिवसांत दुरुस्त करायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संवाद पुसू नका.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दोष घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, ठेकेदार कुठलाही असो. ऑनलाइन तक्रार ई-जागृती पोर्टलवर होते.

ॲडव्हान्स घेऊन ठेकेदार आलाच नाही, नाव-पत्ता खोटा निघाला, तर हे निकृष्ट कामाचं प्रकरण राहत नाही, पोलिसांत लेखी तक्रार द्या. आणि फ्रिज किंवा गिझर दुरुस्तीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या कस्टमर केअर क्रमांकावरच्या माणसाने मोबाइलवर एखादं अ‍ॅप घ्यायला सांगितलं आणि पैसे गेले, तर थांबू नका, त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आमच्या पाहणीबद्दल

पाहणीचं शुल्क आम्ही घेतो, कारण फुकट पाहणी करणाऱ्याला काम काढणं भाग पडतं. लेखी अहवाल तुमच्या मालकीचा असतो. तो घेऊन तुम्ही दुसऱ्या कोणाकडून काम करून घेतलंत तरी आमची हरकत नाही. बोलावताना खालच्या घरातलं कोणीतरी त्या वेळी हजर असेल असं बघा, आणि रंगीत पाण्याची चाचणी आदल्या दिवशी लावून ठेवलीत तर एका फेरीत काम होईल.