कार्बाइनवरील अल्पविशालक प्रकाशित दुर्बीण

आखूड नळीच्या रायफलीवर, म्हणजेच कार्बाइनवर, बसवायची दुर्बीण. तिचे विशालन १ पटीपासून ४, ६, ८ किंवा १० पटींपर्यंत बदलता येते आणि तिच्यातील नेमचिन्ह छोट्या दिव्याने उजळते. ‘लो पॉवर व्हेरिएबल ऑप्टिक’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एलपीव्हीओ’ म्हणतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाच-दहा मीटरवरचे लक्ष्य झटपट टिपता यावे आणि विशालनाची कडी फिरवताच तीन-चारशे मीटरवरचे लक्ष्य नीट ओळखू यावे, अशी दुहेरी अपेक्षा या एकाच साधनाकडून असते. घेणाऱ्याची नजर बहुधा वरच्या आकड्यावर जाते. पण कार्बाइनचे बरेचसे काम जवळच्या पल्ल्यात होते, म्हणून दुर्बिणीची खरी परीक्षा १ पटीवरच होते.

पूर्वपीठिका : कमी विशालनाच्या दुर्बिणी मुळात शिकाऱ्यांच्या. युरोपातील हाक्याच्या शिकारीत रानडुक्कर झाडीतून क्षणभरच दिसते. तिथे १ ते ४ पटींची, रुंद दृश्य दाखवणारी दुर्बीण उपयोगी पडे. सैनिकी कार्बाइनवर मात्र दीर्घकाळ दोन वेगळ्या साधनांचे राज्य होते. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७०च्या दशकात बाजारात आणलेला रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारे नेमसाधन, जवळच्या पल्ल्यात वेगवान होता, पण लक्ष्य मोठे करून दाखवत नव्हता. अमेरिकेच्या ट्रिजिकॉन कंपनीची १९८७ची एकॉग ही ४ पट स्थिर विशालनाची दुर्बीण. तिचे चिन्ह रात्री ट्रिटियम या किरणोत्सर्गी वायूच्या उजेडाने आणि पुढच्या नमुन्यांत दिवसा प्रकाशतंतूने उजळत असल्याने तिला बॅटरी लागत नव्हती. पण खोलीच्या आत ४ पटींचे अरुंद दृश्य अडचणीचे ठरे. जर्मनीच्या श्मिट अँड बेंडरची १.१ ते ४ पटींची ‘शॉर्ट डॉट’ ही या दोहोंचा मेळ घालणाऱ्या पहिल्या सैनिकी दुर्बिणींपैकी एक. पुढे अमेरिकेतील थ्री-गन, म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तीन शस्त्रांच्या, स्पर्धांनी हा प्रकार लोकप्रिय केला, कारण तिथे एकाच फेरीत काही मीटरवरच्या पुठ्ठ्यापासून शेकडो मीटरवरच्या पोलादी पत्र्यापर्यंत रायफलीचे सर्व नेम एकाच रायफलीने साधावे लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी मरीन कोअरने ट्रिजिकॉनच्या १–८ × २८ व्हीकॉग दुर्बिणीची निवड केली, तेव्हा ही दुर्बीण निवडक पथकांपुरती न राहता सामान्य पायदळाच्या हाती आली.

१ पट म्हणजे काय : आकड्यांच्या मांडणीत पहिले आकडे विशालनाचे आणि शेवटचा वस्तुभिंगाच्या, म्हणजे पुढच्या भिंगाच्या, व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. १–६ × २४ अशी खूण असली तरी तळाचे विशालन तंतोतंत १ असेलच असे नाही. ते १.१ असले तरी उघड्या डोळ्याला दिसणारे जग आणि दुर्बिणीतले जग जुळत नाही. दोन प्रतिमा एकमेकींवरून सरकल्यासारख्या वाटतात आणि मान वळवताना ते अधिकच जाणवते. कडेला चित्र वाकते का, दुर्बिणीच्या चौकटीचा काळा पट्टा किती जाड दिसतो, हेही पाहावे. दुकानात दूरच्या पाटीकडे पाहून निवड करणारे बरेच आहेत. त्यापेक्षा १ पटीवर दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरून नजर फिरवावी, त्यातून जास्त कळते.

दृश्याची रुंदीही येथेच मोजावी. चांगल्या १–६ दुर्बिणीत १ पटीवर १०० मीटर अंतरावरचा सुमारे ३८ मीटरचा पट्टा दिसतो, तर ६ पटींवर तो ७ मीटरच्या आसपास येतो.

उजेड : ‘प्रकाशित’ हे विशेषण सर्वच दुर्बिणींना सारखे लागू पडत नाही. काचेवर कोरलेल्या चिन्हावर साधा दिवा पाडला, की संध्याकाळी ते सुरेख उजळते; पण भर दुपारी उन्हातल्या पांढऱ्या मातीवर तेच चिन्ह काळे दिसते. दिवसाही झळकणारा ठिपका मिळवण्यासाठी प्रकाशतंतूचे टोक किंवा प्रकाशाचे विवर्तन घडवणारे सूक्ष्म कोरीवकाम वापरतात. १ पटीवर डोळा रेषा शोधत बसत नाही, तो लाल ठिपक्याकडे धावतो. म्हणून दुपारच्या उन्हात न दिसणारा दिवा हा कार्बाइनसाठी मोठाच दोष मानला पाहिजे. दिव्याच्या चकतीवर प्रत्येक दोन पायऱ्यांमध्ये ‘बंद’ची जागा असेल, तर नेहमीच्या तेजापासून एक टिचकी अलीकडे ठेवून दिवा क्षणात लावता येतो.

बॅटरीच्या बाबतीत रेड डॉट बराच पुढे आहे. एमपॉइंटचा छोटा टी-२ एका नाणेबॅटरीवर सुमारे ५०,००० तास चालतो, म्हणजे तो कायम चालू ठेवता येतो. या दुर्बिणींचा दिवा पूर्ण तेजावर काहीशे तासच टिकतो. त्याची भरपाई अशी, की बॅटरी संपली तरी कोरलेले चिन्ह जागेवर राहते. ज्यांच्या डोळ्यांत दृष्टिवैषम्य आहे त्यांना रेड डॉटचा ठिपका फुटलेला, धूमकेतूसारखा दिसतो. नेत्रभिंगाची कडी फिरवून आपल्या डोळ्यानुसार स्पष्ट करता येणारे कोरीव चिन्ह त्यांना फार सोयीचे पडते.

चिन्हाचे प्रतल : नेमचिन्ह पहिल्या नाभीय प्रतलात, म्हणजे विशालन बदलणाऱ्या भिंगांच्या पुढे वस्तुभिंगाच्या बाजूला, बसवले, तर विशालनाबरोबर तेही लहानमोठे होते. त्यावरील अंतराच्या खुणा प्रत्येक पटीवर खऱ्या राहतात, पण १ पटीवर ते इतके बारीक होते, की दिवा क्षीण असल्यास हरवतेच. दुसऱ्या प्रतलातील, म्हणजे त्या भिंगांच्या मागे डोळ्याच्या बाजूला बसवलेले, चिन्ह कायम एकाच आकाराचे दिसते आणि त्याचा ठिपका सहसा अधिक तेजस्वी करता येतो. मात्र त्याच्या खुणा बहुधा सर्वोच्च पटीवरच बरोबर असतात. ६ पटींसाठी आखलेली १ मिलची खूण ३ पटींवर २ मिल व्यापते. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. ४ किंवा ६ पटींपर्यंतच्या दुर्बिणीत मधली विशालने फारशी वापरली जात नाहीत. कडी एक तर तळाला असते, नाही तर टोकाला. तेथे दुसरे प्रतल पुरेसे आणि बहुधा सरस. ८ किंवा १० पटींच्या दुर्बिणीत मधल्या पटींवर नेम धरण्याची वेळ येते, तेव्हा पहिले प्रतल मोलाचे ठरते.

वरचे टोक : वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन, एवढी प्रकाशाची चकती डोळ्यापाशी पडते. २४ मिमी वस्तुभिंगाला ६ पटींवर ४ मिमी, ८ पटींवर ३ मिमी आणि १० पटींवर २.४ मिमी. माणसाची बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत फुलू शकते, त्यामुळे वरच्या पटींवर संध्याकाळी चित्र मंदावते. शिवाय चकती लहान झाली, की डोळा जरा सरकताच दृश्य काळवंडते. धापा टाकत, अवघडलेल्या स्थितीत नेम धरणाऱ्याला ते फार छळते. व्हीकॉगचे २८ मिमी भिंग ८ पटींवर ३.५ मिमी चकती देते. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या, अंतरमापक लेझर आणि गणकयंत्र असलेल्या व्होर्टेक्सच्या १–८ × ३० एक्सएम१५७ मध्ये ती ३.७५ मिमी होते.

विशालनाने गोळी अधिक अचूक होत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. एखादी कार्बाइन ४ कोनीय मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर्तुळात गोळ्या बसवत असेल, तर ३०० मीटरवर ते वर्तुळ सुमारे ३५ सेंटिमीटरचे होते आणि १० पटींची काच ते लहान करू शकत नाही. जास्त पटींचा उपयोग समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखण्यासाठी. ६ पटींवर ३०० मीटरवरची व्यक्ती ५० मीटरवर असल्याइतकी मोठी दिसते, आणि ३६८ मिमी नळीच्या अमेरिकी एम४सारख्या कार्बाइनला बहुतेक वेळा तेवढे पुरते. त्यामुळे पहिल्यांदा घेणाऱ्याने १–६ पासून विचार सुरू करावा. १–१० घेण्यासाठी लांब पल्ल्याचे ठोस काम समोर हवे.

वजन आणि बैठक : दुर्बिणीचे वजन साधारण ४५० ते ७०० ग्रॅम, त्यात ती रायफलीवर पकडणाऱ्या बैठकीचे दीडदोनशे ग्रॅम मिळवायचे. छोटा रेड डॉट त्याच्या तुलनेत शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. आखूड हत्याराच्या वरच्या बाजूला पाऊण किलो चढला, की दिवसभर खांद्यावर वागवताना तो जाणवतो. नेत्रभिंगापासून डोळा सुमारे ९ सेंटिमीटर दूर राहावा लागतो, म्हणून एआर प्रकारच्या, म्हणजे एम४च्या धर्तीच्या, रायफलीवर दुर्बिणीला पुढे ढकलणारी एकसंध बैठक वापरतात. दोन सुटी कडी वापरून पुढचे कडे नळीवरच्या आवरणावर बसवले, तर त्या आवरणाच्या हालचालीबरोबर नेमही हलतो. काच नळीच्या सुमारे साडेसहा सेंटिमीटर वर असते. त्यामुळे ५ मीटरवर नेम धरला तिथे गोळी लागत नाही, सुमारे सहा सेंटिमीटर खाली लागते. जवळच्या पल्ल्याचा सराव करताना हे अंगवळणी पाडावे लागते.

भारतीय संदर्भ : पुण्यातील आयुध संशोधन आणि विकास संस्थेने (एआरडीई) रचलेली संयुक्त उपक्रम संरक्षक कार्बाइन ५.५६ × ३० मिमी गोळी झाडते. कार्बाइन कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात बनते, तर तिची गोळी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. वजन सुमारे ३ किलो, परिणामकारक पल्ला १०० मीटरहून अधिक. एवढ्या पल्ल्याच्या हलक्या हत्यारावर अल्पविशालक दुर्बीण चढवण्यात फारसा अर्थ नाही, तेथे रेड डॉटच योग्य. ५.५६ × ४५ मिमी गोळीच्या कार्बाइनचा पल्ला याहून बराच पुढे जातो, आणि १–४ किंवा १–६ पटींच्या दुर्बिणीचा विचार तेथून सुरू होतो.